मेनू देल दिआ: स्पेनमधल्या रोजच्या दुपारच्या जेवणाचं परीक्षण, चौघांच्या घरासाठी

स्पेनमध्ये सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक वाजला की खानावळींच्या दारात खडूने लिहिलेला फळा येतो. वर ‘मेनू देल दिआ’, खाली चार-पाच पदार्थांची नावं, एक रेघ, पुन्हा चार-पाच नावं आणि तळाला एक आकडा. त्या एका आकड्यात पहिलं ताट, दुसरं ताट, पाव, एक पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी एवढं सगळं येतं. साध्या वस्तीत हा आकडा साधारण १२ ते १५ युरोंच्या घरात असतो, मोठ्या शहरांच्या मध्यभागी १५ ते १८ पर्यंत जातो. कर त्यातच धरलेला असतो. तेच पदार्थ मेनूकार्डावरून सुटे मागवले, तर माणशी पंचवीसच्या खाली क्वचितच सुटका होते.

स्पेनमध्ये राहायला आलेल्या मराठी घराने हे जेवण आठवड्यातून एकदा तरी घ्यावं, असं आमचं मत आहे. रोज घेऊ नये, हेही. चव, प्रमाण आणि पैसे यांचा मेळ इतका नीट बसवणारी दुसरी सोय या देशात नाही. पण या जेवणाला स्वतःचं घड्याळ आहे, स्वतःचा क्रम आहे आणि शाकाहारी माणसासाठी त्यात पुष्कळ खड्डे आहेत. ते माहीत नसले तर चौघांचे साठ युरो जातात आणि घरी येऊन पुन्हा कुकर लावावा लागतो.

आधी एक शंका मिटवू. फळा बहुतेकदा ज्या दारात दिसतो तिथे पाटी ‘बार’ अशी असते. तिला बिचकू नये. स्पेनमधला बार म्हणजे सकाळी कॉफी आणि टोस्ट, दुपारी जेवण, संध्याकाळी शाळेतून आलेल्या पोरांचा खाऊ आणि रात्री बिअर, असं सगळं एकाच काउंटरवर चालणारं ठिकाण. आजी, नातू, पोस्टमन, बांधकामावरचे कामगार शेजारशेजारच्या टेबलांवर जेवतात. आत मागच्या बाजूला ‘कोमेदोर’ म्हणजे जेवणाची खोली असते. तिथे टेबलावर कागदी आच्छादन आणि काटे-चमचे मांडलेले दिसले की जेवण तिथेच मिळणार.

क्रम समजला की अर्धं काम झालं. पहिल्या ताटाला ‘प्रिमेरो’ म्हणतात: सूप, सॅलड, कडधान्याचा रस्सा, भाजी, पास्ता किंवा भात. दुसरं ‘सेगुंदो’: मांस, मासा किंवा अंडं, आणि बाजूला बटाट्याचे तळलेले काप नाहीतर चार पानं लेट्यूस. पहिलं ताट संपून उचललं गेल्याशिवाय दुसरं येत नाही. आपल्याला डावी-उजवी बाजू भरलेल्या ताटाची सवय. इथे भात येतो तो एकटा, त्याच्यावर ओतायला काही नाही, आणि भाजी येते तीही एकटी. तोंडी लावण्याचं काम पाव करतो. जेवताना एका हातात काटा, दुसऱ्यात पावाचा तुकडा. त्या तुकड्याने घास काट्यावर ढकलायचा आणि शेवटी ताटातला रस्सा पुसून घ्यायचा. साध्या खानावळीत याला कोणी नाकं मुरडत नाही. चपातीवर वाढलेल्या हाताला हे चटकन जमतं. कोळंबी सोलायला, बरगडीचं हाड धरायला बोटं चालतात. भाताला मात्र काटाच.

या क्रमाचा त्रास होतो तो लहान मुलांमुळे. स्वयंपाकघर सगळ्या टेबलाची पहिली ताटं संपायची वाट बघतं. सहा वर्षांचं पोर सूप ढवळत बसलं तर चौघांचंही दुसरं ताट अडकतं. म्हणून ऑर्डर देतानाच सांगून ठेवावं, ‘लो देल निन्यो, कुआन्दो साल्गा’, म्हणजे मुलाचं जे असेल ते तयार झालं की आणा. वेटरला हे रोज ऐकायची सवय असते. उंच खुर्ची हवी असेल तर शब्द ‘त्रोना’. छोट्या खानावळीत एखादीच असते, त्यामुळे बसतानाच विचारावं.

आता घड्याळ. जेवण साधारण एक ते चारपर्यंत मिळतं, पण फळ्यावरचं सगळं मिळण्याची वेळ पावणेदोन ते अडीच हीच. एक वाजता गेलात तर रस्से अजून शिजत असतात. सव्वातीनला गेलात तर निम्म्या नावांवर रेघ मारलेली असते. साडेतीन-चारला चूल बंद होते आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत पुन्हा पेटत नाही. मधल्या वेळात बार उघडा दिसतो, पण ‘कोसिना सेर्रादा’, म्हणजे स्वयंपाकघर बंद, असं उत्तर येतं आणि फार तर गार ऑम्लेटचा तुकडा मिळतो.

हे उशिरा जेवण आळसातून आलेलं नाही. १९४० साली स्पेनने आपलं घड्याळ एक तास पुढे नेलं आणि ते परत मागे घेतलंच नाही. उन्हाळ्यात त्यात आणखी एक तास मिळतो, त्यामुळे माद्रिदमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्या आसपास. म्हणजे दोन वाजता जेवणारा स्पॅनिश माणूस सूर्याच्या हिशोबाने बाराच्या ठोक्याला जेवतो. मुलांच्या पोटाला हे पटवायचं तर साडेदहा-अकराला काहीतरी खायला द्यावं लागतं. इथली माणसंही तेच करतात: सकाळी कॉफीबरोबर टोमॅटो-ऑलिव्ह तेल लावलेला टोस्ट एवढंच, मग अकराला पावात भरलेलं काहीतरी, दोनला जेवण, मुलांना साडेपाच-सहाला ‘मेरिएंदा’, म्हणजे संध्याकाळचा खाऊ, आणि रात्री नऊनंतर हलकं जेवण. यातला अकराचा घास गाळून दोनला बसलात तर मूल पावाची टोपली संपवतं आणि सूप आल्यावर भूक गेलेली असते. टोपली पहिलं ताट येईपर्यंत टेबलाच्या मोठ्यांच्या बाजूला ठेवावी, एवढीच युक्ती.

ठरलेल्या किमतीच्या या जेवणाचं मूळ १९६०च्या दशकात आहे. हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीत मानुएल फ्रागा पर्यटनमंत्री असताना ‘मेनू तुरिस्तिको’ नावाने रेस्तराँवर असं जेवण देण्याची सक्ती झाली. परदेशी पाहुण्यांसाठी काढलेली ती युक्ती शेवटी देशातल्याच कामगारांनी आणि कारकुनांनी उचलली. आज पर्यटकांच्या चौकात जे ‘मेनू’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा चार युरो महाग आणि दोन पायऱ्या खाली असतं. चौकातून दोन गल्ल्या आत शिरावं.

फळा वाचताना वार लक्षात ठेवावा. सोमवारी बऱ्याच ठिकाणी मसूर, ‘लेन्तेहास’. आपल्या अख्ख्या मसुरासारखीच तपकिरी डाळ. गाजर, बटाटा, तमालपत्र, लसूण आणि लाल मिरचीची धुरकट पूड घालून शिजवलेली. घट्ट असते आणि पोटभर होते. मसुरावर इथे एक म्हणच आहे: हवी तर खा, नको तर ठेव. बुधवारी किंवा गुरुवारी माद्रिदकडे ‘कोसिदो’: छोल्यांचं सूप आधी, मग छोले, कोबी आणि बटाटा, मग त्याच भांड्यातलं मांस. हे सगळं एका भांड्यात शिजतं, त्यामुळे ‘मला फक्त छोले द्या’ म्हणण्यात शाकाहारी माणसाला अर्थ नाही. शुक्रवारी मासा. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी पालक, छोले आणि खारवलेला कॉड मासा यांचा रस्सा.

गुरुवार पाएयाचा, म्हणजे कढईत शिजवलेल्या भाताचा, विशेषतः माद्रिद आणि बार्सिलोनात. इथे थोडं थांबायला हवं, कारण निराशा सगळ्यात जास्त याच ताटात होते. मेनूतला पाएया एका मोठ्या पसरट कढईत एकदाच होतो. पाणी घातल्यावर तांदूळ सुमारे १८ ते २० मिनिटांत तयार होतो, पाच मिनिटं झाकून ठेवला की वाढायला घेतात. तो क्षण बहुधा पावणेदोनचा. त्या वेळी दाणा मोकळा, मध्ये किंचित कणीदार असतो. तो कच्चा नाही. इथे भात असाच लागतो. तीन वाजता तीच कढई कोमट ठेवून ठेवून खिचडीच्या वाटेला लागलेली असते, तीही मऊ तुपाळ नाही, चिकट. पिवळा रंग केशराचा असेल अशी आशा चौदा युरोंत करू नये. बहुतेकदा तो खाण्याचा रंग असतो. पण कढईच्या तळाशी लागलेली खरवड, जिला इथे ‘सोकार्रात’ म्हणतात, ती मागून घ्यावी. आपल्या घरी खरवडीवरून भांडणं होतात तशीच इथेही होतात. मूळ वालेन्सियाच्या पाएयात कोंबडी, ससा आणि दोन तऱ्हेच्या शेंगा-दाणे असतात. मेनूतला बहुतेकदा शिंपले-कोळंबी-कोंबडी असा मिसळीचा असतो. शाकाहारी पाएया फळ्यावर सहसा दिसत नाही, आणि दिसला तरी रस कशाचा वापरला हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

शाकाहारी घरांसाठी आता खरी गोष्ट. स्पेनच्या रोजच्या बोलण्यात ‘कार्ने’ म्हणजे ताटातला मांसाचा तुकडा. हामोन, म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी, ही बऱ्याच स्वयंपाक्यांच्या लेखी मिठासारखी चव आहे, मांस नव्हे. ट्यूना माशाचं तर विचारूच नका. त्याचं स्पॅनिश नाव ‘आतून’, आणि तो खरोखरच कुठल्याही सॅलडमध्ये आतून निघतो. म्हणून ‘बिनमांसाचं’ असं म्हणून भागत नाही. एकेका गोष्टीचं नाव घ्यावं लागतं: ‘नो कोमो कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी आतून’. आणि सूप-रश्श्यासाठी वेगळा प्रश्न: ‘येवा काल्दो दे कार्ने?’, यात मांसाचं पाणी आहे का?

कुठे काय दडलेलं असतं ते सांगतो. ‘एन्सालादा मिक्स्ता’त लेट्यूस, टोमॅटो, कांदा, ऑलिव्ह, उकडलेलं अंडं आणि वर ट्यूना. ‘एन्सालादिया’ म्हणजे बटाटा-मटाराचं मेयॉनीज सॅलड, त्यातही ट्यूना. ‘मेनेस्त्रा’ ही मिश्र भाजी दिसायला निष्पाप, पण परतताना हामोनचे बारीक तुकडे घालतात. फरसबी-बटाट्याचंही तेच. मसुरात ‘चोरिसो’ नावाचा लाल सॉसेज शिजलेला असतो. वेटर चांगुलपणाने म्हणतो की तुकडे काढून देतो, पण रश्श्यावरची ती नारिंगी चरबी त्या सॉसेजचीच असते. कास्तियाच्या लसूण-पावाच्या सुपात हामोन असतो, गालिसियाच्या पालेभाजीच्या सुपात डुकराची चरबी. क्रोकेता, म्हणजे घट्ट पांढऱ्या सॉसच्या तळलेल्या वड्या, बहुतेक वेळा हामोनच्याच. भरल्या लाल मिरच्यांत कॉड किंवा खिमा. तळलेले बटाटे ज्या कढईत पडतात तिथेच सकाळपासून मासे तळलेले असतात. जे याबाबत काटेकोर आहेत त्यांनी बटाटे सोडून द्यावेत.

मग बिनधास्त काय घ्यावं? उन्हाळ्यात ‘गास्पाचो’: टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर, सगळं कच्चं वाटलेलं आणि गार. त्याचा घट्ट भाऊ ‘साल्मोरेहो’ही चांगला, पण त्यावर अंडं आणि हामोन भुरभुरतात, तेवढं वगळायला सांगावं. ‘पिस्तो’ म्हणजे दुधी-जातीची कोवळी भाजी, मिरची, कांदा, टोमॅटो मंद आचेवर आटवलेलं. वर तळलेलं अंडं येतं. पिस्तो मऊ, गोडसर आणि पावाबरोबर फारच छान लागतं. हिंग-मोहरी नसलेली आपलीच एखादी मिसळभाजी वाटावी. भाजी घोटून केलेली ‘क्रेमा’ बहुतेकदा ठीक, पण पाण्याऐवजी कोंबडीचा रस घातला का हे विचारायचंच. सेविलियाकडे छोले-पालक जिरं घालून करतात, ते मिळालं तर दुसरं काही बघू नये. कॅटलोनियात मनुका आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून परतलेला पालक, किंवा ‘एस्कालिवादा’, म्हणजे भाजलेली वांगी आणि मिरच्या तेलात मुरवलेल्या. भरीत पट्ट्या-पट्ट्यांचं केलं तर असं लागेल. मुर्सियात ‘सारांगोयो’, कांदा, कोवळी भाजी आणि अंडं. कोर्दोबात मध ओतलेली तळलेली वांग्याची कापं.

या यादीत बहुतेक पहिली ताटंच आहेत, हे लक्षात आलं असेल. दुसऱ्या ताटात शाकाहारी माणसाला अंड्यापलीकडे फारसं काही मिळत नाही: ऑम्लेट, तळलेली अंडी, नाहीतर मशरूम घालून मोडलेली अंडी, आणि त्यातही कोळंबी नाही ना हे बघायचं. यावर तोडगा स्थानिक माणसंच वापरतात. विचारायचं, ‘से पुएदेन पेदिर दोस प्रिमेरोस?’ दोन पहिली ताटं मिळतील का? उत्तर बहुधा हो असतं आणि किंमत तीच राहते. अंडंही न खाणाऱ्यांना हाच एकमेव रस्ता आहे. खरं सांगायचं तर अंडं, मासा, मांस यांतलं काहीच न खाणाऱ्या घराला या सोयीचे पूर्ण पैसे वसूल होत नाहीत. त्यांनी महिन्यातून एकदा बदल म्हणून यावं.

मांसाहारी, पण गाय किंवा डुक्कर टाळणाऱ्या घरांना शब्द पाठ असले की पुरतं. ‘तेर्नेरा’ आणि ‘वाका’ म्हणजे गोमांस, ‘राबो दे तोरो’ बैलाची शेपटी, ‘कायोस’ बहुधा गाईच्या जठराचा रस्सा. ‘लोमो’, ‘सेक्रेतो’, ‘पान्सेता’, ‘सान हाकोबो’ ही सगळी डुकराची. ‘आल्बोन्दिगास’, म्हणजे कोफ्ते, आणि ‘एस्कालोपे’, म्हणजे पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा काप, यांत काहीही असू शकतं. कोफ्त्यांत तर बहुधा दोन्हींची मिसळ. ‘पोयो’ म्हणजे कोंबडी, ‘पावो’ टर्की, ‘कोर्देरो’ कोकरू, आणि कोकरू मेनूत आलं तर बाजूला ‘+३’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो जादा आकार. फळा वाचताना हे अधिकचे आकडे नजरेतून सुटतात आणि बिलाच्या वेळी टोचतात.

मासा घेणाऱ्यांसाठी: फळ्यावर नुसतं ‘मासा’ लिहिलं असेल तर कोणता ते विचारा. ‘मेर्लुसा’ हा पांढरा, काटे कमी असलेला मासा मुलांना चालतो. चौदा युरोंत तो गोठवलेलाच असणार, त्यात फसवणूक नाही. नुसता मैद्यात घोळवून तळलेला चांगला लागतो. हिरव्या सॉसमधला त्याहून चांगला. स्क्विडच्या कड्या सगळ्या एकाच मापाच्या, अगदी गोल दिसल्या तर त्या कारखान्यातून आलेल्या समजाव्यात.

हाच डोळा बाकी ठिकाणीही उपयोगी पडतो. फळा हाताने लिहिलेला, रोज बदलणारा आणि पहिल्या-दुसऱ्या ताटाला चार-पाच नावांपुरता असला तर आतला स्वयंपाक बहुधा तिथेच होतो. बारा-पंधरा नावं, ती वर्षभर तीच, आणि सोबत रंगीत फोटो असतील तर फ्रीझर मोठा आहे एवढंच समजतं. क्रोकेता आकाराला वेड्यावाकड्या असतील तर घरच्या. गोडात ‘घरचं’ हा शब्द सगळेच लिहितात. कॅरॅमल कस्टर्ड, म्हणजे ‘फ्लान’, घरचं असेल तर त्यात बारीक छिद्रं दिसतात आणि कापल्यावर कड सरळ राहत नाही. प्लॅस्टिकच्या डबीतून उलटं पाडलेलं आरशासारखं गुळगुळीत असतं. दोन वाजता टेबलांवर अंगात कामाचे कपडे असलेली माणसं भरलेली असतील तर आत शिरायला हरकत नाही. त्यांना रोज जेवायचं असतं, आणि त्यांच्यापुढे एकदा वाईट ताट ठेवलं की दुसऱ्या दिवशी ती समोरच्या दारात जातात.

‘तिखट’ या शब्दावर मुळीच विसंबू नये. वेटर डोळे मोठे करून ‘पिका’ म्हणाला तरी आपल्या मुलांनाही ते सपक वाटेल. टेबलावर तेल, व्हिनेगर आणि मीठ असतं, मिरपूड नसते. कडधान्याच्या रश्श्याबरोबर ‘गिन्दियास’ मागाव्यात: व्हिनेगरमधल्या लांब हिरव्या मिरच्या. उत्तरेत त्या बिनबोभाट मिळतात, इतरत्र असतील तर देतात. लिंबाची फोडही मागितली की येते. पिशवीतून लोणच्याची बाटली काढू नये. स्वयंपाकघराच्या दारातून तिचा वास घेणारा स्वयंपाकी दुसऱ्या दिवशी तुमचा मित्र राहणार नाही.

मुलांचा मेनू म्हणून जे वेगळं मिळतं त्यावर आमचा स्पष्ट नकार आहे. टोमॅटो सॉसमधली मॅकरोनी, कोंबडीचे गोठवलेले तुकडे, बटाटे, आइस्क्रीम. किंमत ८ ते १० युरो आणि त्यात भाजीचं पानही नाही. त्याऐवजी ‘मेदिओ मेनू’ विचारावा: एकच ताट, पाव, पेय आणि गोड, साधारण ९ ते ११ युरो. मूल तेच खातं जे मोठे खातात, फक्त एक ताट कमी. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला ‘आरोस आ ला कुबाना’ मिळालं तर दिवस सुटला: पांढरा भात, टोमॅटो सॉस आणि तळलेलं अंडं. कधी सोबत सॉसेज असतो, नको म्हणता येतो. एक पूर्ण मेनू दोन मुलांत वाटून घेण्याचा विचार असेल तर आधी विचारावं, कारण कित्येक ठिकाणी ‘मेनू वाटून घेता येणार नाही’ अशी पाटीच असते.

हिशोब असा. १४ युरोंचे चार मेनू म्हणजे ५६. दोन पूर्ण आणि १०चे दोन अर्धे म्हणजे ४८, आणि त्यात टाकून देणं जवळजवळ शून्य. फळ्याच्या शेवटच्या ओळीत मात्र ‘पोस्त्रे ओ काफे’ आहे का ‘पोस्त्रे ई काफे’, हे एक अक्षर नीट वाचावं. ‘ओ’ म्हणजे गोड किंवा कॉफी. दोन्ही घेतलंत तर कॉफीचे दीड-दोन युरो वेगळे. पेय माणशी एकच धरलेलं असतं. जुन्या खानावळींत मोठ्यांनी वाइन म्हटलं तर टेबलावर बाटलीच ठेवतात आणि सोबत गोड सोडा, निम्मेनिम मिसळायला. बाहेर फुटपाथवर बसायचे पैसे वेगळे असू शकतात. ते लिहून लावावे लागतात, म्हणून बसण्याआधी दाराजवळचा कागद बघावा.

दोन कायदे खिशात असू द्यावेत. २०२२च्या कचरा-कायद्यापासून खानावळींनी नळाचं पाणी मागेल त्याला फुकट द्यायचं आहे. ‘उना हार्रा दे आग्वा’ एवढं म्हटलं की पाण्याचा जग येतो. आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून केलेल्या २०२५च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने, ताटात उरलेलं बांधून नेण्याची सोय जादा पैसे न घेता करून द्यावी लागते. फक्त बुफेला ती लागू नाही. ‘मे लो पोने पारा येवार?’ असं विचारताना संकोच करायचं कारण उरलेलं नाही. कशात कोणता घटक आहे, शेंगदाणे, दूध, गहू वगैरे, हेही विचारलं की सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. चौदा घटकांची ती यादी सगळ्या युरोपात एकच. मुलाला शेंगदाण्याचं वावडं असेल तर हा प्रश्न ऑर्डरच्या आधी, नंतर नाही.

गोडात आपल्या जिभेला सगळ्यात जवळचं ‘आरोस कोन लेचे’: दालचिनी आणि लिंबाची साल घालून आटवलेली तांदळाची खीर, गार, वेलचीविना. बहुधा त्यात अंडं नसतं. ‘फ्लान’ आणि ‘नातियास’ या पातळ कस्टर्डमध्ये असतं. ‘कुआहादा’ हे मेंढीच्या दुधाचं दह्यासारखं दिसतं, पण ते परंपरेने जनावराच्या जठरातून काढलेल्या विरजणाने गोठवतात, तेव्हा काटेकोर लोकांनी ते सोडावं. फळ म्हणजे उन्हाळ्यात कलिंगड किंवा खरबूज, थंडीत संत्रं, अख्खं, सुरीसकट. टेबलाजवळ बसून ते कसं सोलायचं हे शेजारच्या आजोबांकडे बघून शिकावं.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. जेवण झाल्यावर बसून गप्पा मारायच्या वेळेला इथे वेगळा शब्दच आहे, ‘सोब्रेमेसा’, आणि त्यात कोणी घाई करत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी मात्र टेबलं कमी असतात, तेव्हा कॉफीनंतर अर्धा तास पुरे. टीप ऐच्छिक. सुटे नाणे ठेवलेत तर छान.

या जेवणाच्या दिवशी घरी रात्रीचा स्वयंपाक अर्धा करावा. दोनला दोन ताटं आणि पाव खाल्लेल्या पोटाला नऊ वाजता दहीभात किंवा मुगाची खिचडी पुरते. इथली घरंही त्या रात्री सूप नाहीतर साध्या ऑम्लेटवर भागवतात. पूर्ण जेवण घरी टेबलावर मांडलंत तर ते उरतं.

शनिवार-रविवारी फळ्यावरचा आकडा १८ ते २५ पर्यंत चढतो, पदार्थ थोडे सणासुदीचे होतात आणि टेबल आधी सांगून ठेवावं लागतं, कारण रविवारची दुपार तीन पिढ्यांची असते. ग्रानादासारख्या शहरात पेयाबरोबर खायची छोटी बशी फुकट येते, तिथे दोन मोठी माणसं मेनूविनाही दुपार भागवतात. मुलांबरोबर तो प्रयोग करू नये. आस्तूरियासमध्ये पांढऱ्या चवळीसारख्या मोठ्या दाण्यांचा ‘फाबादा’ पहिलं ताट म्हणून येतो, डुकराच्या तीन प्रकारांसह, आणि तो आकाराने दुसऱ्या ताटाचीही जागा घेतो. चौघांत दोन फाबादा मागवावेत. आणि ऑगस्टमध्ये वस्तीतल्या खानावळींपैकी बऱ्याच सुट्टीसाठी बंद असतात. दारावर तारखा लिहिलेला कागद चिकटवतात. त्या महिन्यात जाण्याआधी फोन करून विचारावं.